टेक्ससच्या पास्टरांचा आवाज

माझं काम जुने आवाज स्वच्छ करायचं. गोरेगाव पूर्वेला, फिल्म स्टुडिओच्या मागच्या गल्लीत माझी दोन खोल्यांची जागा आहे. कुणाच्या आजोबांचं कीर्तन, कुणाच्या लग्नातल्या मंगलाष्टका, कधीच्या बंद पडलेल्या नाटकाच्या टेप्स, असं काहीबाही माझ्याकडे येतं आणि त्यातली खरखर काढून मी ते परत देते. या कामासाठी अमेरिकेला जावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. तेही न्यूयॉर्क वगैरे नाही. उत्तर टेक्ससमधलं एक गाव, जिथे जायचं अमेरिकेतल्या मराठी मंडळींनाही काही कारण पडत नाही.

मला पाठवलं सुहासने. सुहास मुलुंडचा, माझ्याच हाताखाली काम शिकला आणि आता डॅलसला एका कंपनीत आहे. ही कंपनी चर्चसाठी मोबाइल ॲप बनवते. एका दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, एक पास्टर होते, क्लाइड बॉयर नावाचे. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची आयुष्यभराची प्रवचनं टेपवर आहेत. आम्ही त्यावरून कॉम्प्युटरला त्यांचा आवाज शिकवतोय. म्हणजे रोज सकाळी त्यांच्या आवाजात नवीन प्रार्थना. लोकांना हवंय ते. पण टेप्सची वाट लागलीय यार."

"मग पाठव की इकडे."

"तोच लोचा आहे ना. त्यांची बायको टेप्स घराबाहेर काढू देत नाही. तूच जा तिच्या घरी."

नाहूरला राहणाऱ्या आईला सांगितलं तेव्हा तिने चर्च, पास्टर, कॉम्प्युटर यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "थंय मासे गावतत काय गो?"

व्हिसा, विमान, रांगा यांचं वर्णन करत नाही. ते सगळ्यांनीच केलेलं आहे.

डॉरिसचं घर

त्या भागात पहिल्यांदा दिसतं ते आभाळ. आपल्याकडे मुलुंडला डोंगर तरी आड येतो, नाहीतर टॉवर. तिथे काहीच आड येत नाही. सपाट जमीन, कापसाची शेतं, आणि मध्येच रांगेने उभ्या पवनचक्क्या. त्यातल्या काही बॉयर कुटुंबाच्या जमिनीवर होत्या. मला वाटायचं, इथल्या कॉन्झर्वेटिव्ह लोकांना असलं पर्यावरणवाल्यांचं काही चालत नसेल. डॉरिसला विचारलं तर म्हणाली, "वारा देवाचा आहे आणि जमीन माझी. कुणाला काय अडचण आहे?"

डॉरिस म्हणजे पास्टरांची बायको. ऐंशीच्या जवळ आलेली, ताठ, कानात यंत्र. चर्चने मला हॉटेलात ठेवायचं ठरवलं होतं, पण तिने ते मोडीत काढलं. "माझ्या नवऱ्याचं बोलणं ऐकायला आलेली बाई हॉटेलात का राहील?"

पहिल्याच जेवणाला तिने माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटून प्रार्थना केली. माझ्यासाठी, माझ्या आईसाठी, देश चालवणाऱ्यांना अक्कल येवो म्हणून, आणि शेवटी समोरच्या माशासाठी. आमच्या घरी बाबा जेवणाआधी ताटाला हात लावून तो कपाळाला लावायचे, बस्स. ते गिरणीतून थकून यायचे, एवढं बोलायला त्यांच्याकडे ताकद नसायची. पण त्या म्हातारीच्या कोरड्या, गरम हातात माझा हात होता तोपर्यंत मला छान वाटलं.

मासा होता कॅटफिश, मक्याच्या पिठात घोळवून तळलेला. मी मालवणी, त्यामुळे माशाबद्दल माझं मत असतंच. वरचं कवच झकास होतं, आत मीठ सोडून काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बॅगेतला मसाला काढला. चिंच मिळाली नाही म्हणून लिंबू, नारळाचं दूध डब्यातलं, असं करून कालवण केलं. चमचा शोधायला ओट्याचा ड्रॉवर उघडला तर आत रुमालावर नीट ठेवलेलं पिस्तूल. मी तशीच उभी राहिले.

मागून डॉरिस म्हणाली, "ते क्लाइडचं. चमचे खालच्या ड्रॉवरमध्ये."

कालवण खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने दोनदा वाढून घेतलं.

रविवार

चर्च म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडची जुनी, चुन्याने रंगवलेली, घंटा असलेली चर्चेस होती. हे मल्टिप्लेक्ससारखं निघालं. बाहेर हिरवी जाकिटं घालून गाड्या लावून देणारे स्वयंसेवक, आत कॉफी, स्टेजमागे भिंतभर एलईडी पडदा, चार कॅमेरे, आणि आवाजाचा मिक्सर असा की गोरेगावात मी तसल्याबद्दल फक्त ऐकून होते. साउंडवाल्या पोराने मला त्यावर हात ठेवू दिला. माझी प्रार्थना तिथेच झाली.

प्रवेशदारातच मतदार नोंदणीचं टेबल होतं. शेजारी शाळा मंडळाच्या निवडणुकीची पत्रकं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर चौकोनी कोड चिकटवलेला; फोन धरला की दान जातं, दुसरा कोड धरला की तुमच्या दुखण्यासाठी प्रार्थना मागता येते. इथे मी नाक मुरडलं असं वाचणाऱ्याला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आमच्या इथल्या गणपतीत मूर्तीपेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो, आरती लाइव्ह असते, आणि दानपेटीवर तोच चौकोनी कोड असतो. मला सगळं ओळखीचं वाटलं. फरक इतकाच, की इथे लोक वेळेवर आले होते.

पास्टरांच्या जागी आता त्यांचा मुलगा नेथन आहे. चाळिशीचा, उंच, हसरा, प्रत्येक वाक्याला 'मॅम' लावणारा. त्याने स्टेजवरून माझी ओळख करून दिली. माझं नाव मेधा. ते त्याच्या तोंडात जाऊन बाहेर आलं ते असं: "आज आपल्यात मुंबईहून आलेल्या मीडिया आहेत."

एवढं मोठं सभागृह एकदम गार पडलं. माझ्या बाजूची बाई पर्स मांडीवर घेऊन जराशी सरकली. मागून एका आजोबांनी पुढे वाकून विचारलं, "कुठल्या चॅनेलच्या?" त्या लोकांचा टीव्हीवाल्यांवर, वर्तमानपत्रांवर केवढा राग आहे ते मला त्या एका शांततेत कळलं. मी उभी राहून मोठ्याने म्हणाले, "मी चॅनेलची नाही. मी टेप साफ करायला आलेय." हशा झाला. आजोबांनी पाठीवर थोपटलं. कार्यक्रम संपल्यावर लोक रांगेने भेटायला आले, आणि कितीतरी जणांनी पास्टरांच्या आठवणी सांगितल्या. गुरांचा ट्रक चालवणारा एक माणूस म्हणाला, "त्यांचा आवाज परत येणार असेल तर मी रोज लावीन. पहाटे केबिनमध्ये मी एकटाच असतो." त्याच्याशी वाद घालावा असं माझ्या मनातही आलं नाही.

जेवणाचं टेबल

आठवडाभर मी डॉरिसच्या जेवणाच्या टेबलावर यंत्रं मांडून काम केलं. पास्टर बॉयर यांचा आवाज जाड, सावकाश, मधूनच चिडणारा होता. मतांना ते कडक. गर्भपात, बंदुका, शाळेतली पुस्तकं, सगळ्यावर बोललेले. मला त्यातलं निम्मं पटलं नाही आणि काही वेळा तर हेडफोन काढून ठेवावासा वाटला. पण माणूस ज्याच्या त्याच्या दारात जाणारा होता. कुणाचं पीक गेलं, कुणाचा मुलगा तुरुंगात आहे, हे सगळं नावानिशी यायचं, आणि मग आवाज खाली उतरायचा.

एक गोष्ट मात्र कधीच आली नाही. निवडणुकीच्या काळातल्या टेप्समध्येसुद्धा कुठल्या उमेदवाराचं नाव नव्हतं. डॉरिसला विचारलं.

"तरुणपणी एकदा घेतलं होतं," ती म्हणाली. "तो माणूस निवडून आला आणि पुढे त्याने असे धंदे केले की क्लाइडला दुकानात तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. तेव्हापासून बंद. आमचं मत कुणाला असतं ते अख्ख्या गावाला माहीत होतं. पण तो म्हणायचा, माणूस उद्या काय करेल ते मला माहीत नाही, मग देवाच्या घरात मी त्याचा जामीन का राहू?"

त्याच आठवड्यात टॉड घरी आला, स्वतः केलेला पिकन नावाच्या सुक्या मेव्याचा 'पाय', म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, घेऊन. टॉड म्हणजे नेथनचा लहानपणापासूनचा दोस्त आणि शाळा मंडळाचा उमेदवार. दिलखुलास माणूस. त्याचा मुख्य मुद्दा होता शाळेत मुलांच्या हातात फोन नको. "स्क्रीनने आमची पोरं खाल्ली, मॅम. देव नाही, आईबाप नाहीत, नुसती स्क्रीन." यात मला काडीचंही चुकीचं दिसलं नाही. मी सांगितलं की आमच्या इमारतीतल्या पोरांचीही तीच गत आहे. त्याने मला त्याचा बिल्ला दिला. मी तो फ्रीजवर लावायला डॉरिसला दिला.

"मुलं किती तुम्हाला?" टॉड गेल्यावर मी डॉरिसला सहज विचारलं.

"दोन," ती म्हणाली. मग पिकनचा तो पाय कापताना, "रूथ डेन्व्हरला असते."

रूथ ही नेथनची मोठी बहीण. काही वर्षांपूर्वी तिने चर्चच्या भूमिकेविरुद्ध फोनवरून सगळ्यांना दिसेल असं काहीतरी लिहिलं. गावात ते घरोघरी गेलं. पास्टर तिला म्हणाले, माफी मागशील तेव्हा घरी ये. तिने मागितली नाही. त्यांनी फोन केला नाही. त्यांच्या अंत्यविधीला ती सगळ्यात मागच्या रांगेत बसून निघून गेली. डॉरिसने हे सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तसं, माझ्याकडे न बघता.

कंट्रोल रूम

शुक्रवारी नेथनने मला चर्चच्या कंट्रोल रूममध्ये बोलावलं. सुहासच्या कंपनीने मी स्वच्छ केलेल्या टेप्सवरून आवाज तयार केला होता. नेथनने बटण दाबलं आणि पास्टर बॉयर बोलायला लागले.

"मित्रहो, टॉडला मी माझ्या हाताने बाप्तिस्मा दिला. आपल्या मुलांसाठी तो उभा राहिलाय. येत्या मंगळवारी त्याच्यासाठी उभे राहा."

आठवडाभर ज्या माणसाला मी कानात घेऊन बसले होते तो माणूस असं वाक्य कधी बोलला नव्हता, हे मला माहीत होतं. आणि तरी तो तोच होता. 'उभे राहा'वर आवाज खाली उतरला तोसुद्धा अगदी तसाच. 

"रविवारी ॲपवर सगळ्यांना जाईल," नेथन म्हणाला. "फक्त थोडं कोरडं वाटतंय, मॅम. स्टुडिओत बोलल्यासारखं. तुम्ही त्यात बाबांच्या टेप्समधल्या जुन्या चर्चच्या इमारतीचा घुमारा घालाल का? आणि मध्ये श्वास. बाबा मोठा श्वास घ्यायचे."

"डॉरिसना माहीत आहे?"

"आईला उद्या ऐकवणार आहे. तिला आवडेल. मॅम, हे खोटं नाही. बाबा असते तर टॉडलाच मत दिलं असतं."

"मत दिलं असतं. नाव घेतलं असतं का?"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "तुमच्या देशात असं करत नाहीत का?"

"करतात ना. वारलेले पुढारी प्रचारात पडद्यावर येऊन बोलतात आणि लोक हात जोडतात. म्हणूनच सांगते, नेथन, हे किती चालतं ते मी बघितलंय. मी आवाज साफ करायचं काम घेतलंय. त्याच्या तोंडात शब्द घालायचं नाही. श्वास मी घालणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो चिडला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. बापाच्या खुर्चीत बसलेला, अर्धं गाव अजून ज्याला 'क्लाइडचा पोरगा' म्हणतं असा तो माणूस. बापाने एकदा तरी आपल्या बाजूने बोलावं एवढंच त्याला हवं असावं.

तासाभरात सुहासचा फोन. "ताई, क्लायंट नाराज आहे. पुढे अजून पाच-सहा चर्चेसचं काम तुला मिळणार होतं ना यार. एक श्वास तर टाकायचाय."

"तूच टाक की. तुला मीच शिकवलंय."

"मी..." तो थांबला. "मला नको वाटतंय ते."

"मग मला का सांगतोस रे?"

शनिवार

नेथनने शनिवारी दुपारी डॉरिसला तो निरोप ऐकवला. मी उठून बाहेर जात होते, तिने बसायला सांगितलं. तिने ऐकलं. परत लावायला सांगितलं. कानातलं यंत्र नीट केलं आणि तिसऱ्यांदा ऐकलं. मला वाटलं आता ती मुलाला झापणार.

तिने विचारलं, "हे काहीही बोलू शकतं?"

"काहीही, मॉम."

"बरं. तू जा आता. मी सांगते तुला संध्याकाळी."

नेथनची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी ती माझ्याकडे वळली. "मेधा," नाव तिने अगदी नीट उच्चारलं, "त्याला म्हणायला सांग की, रूथ, माझं चुकलं, घरी ये. एवढंच. मी तिला पाठवते."

आदल्या दिवशी नेथनला सुनावताना मला काही कठीण गेलं नव्हतं. आता ते सोपं नव्हतं. समोर बसलेली बाई पोरीसाठी झुरत होती आणि तिला हवं होतं ते माझ्या हातात होतं. सुहासला एक फोन केला असता तर चहा होईपर्यंत आलं असतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

मी म्हटलं, "तिला खरं वाटेल?"

"तुला वाटलं ना?"

"हो. मला वाटलं. मग ती घरी येईल. आणि विचारेल, बाबा हे कधी बोलले?"

डॉरिस टेबलावरचं कापड सरळ करायला लागली, पण मी थांबले नाही.

"मग तुम्हाला दिवस सांगावा लागेल. मग तेव्हा ते कुठे बसले होते ते. मग एवढे दिवस पाठवलं का नाही ते. आणि हे सगळं तुम्ही बोलणार, पास्टर नाही."

"तो बोलला असता गं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला. "अजून एक वर्ष मिळालं असतं तर बोलला असता."

तिचं वाक्य अगदी नेथनसारखं होतं. ते तिलाही ऐकू आलं असावं, कारण तिने एकदम वर पाहिलं.

मी उठून माझा चांगला मायक्रोफोन काढला आणि तिच्यासमोर ठेवला. "तुम्ही बोला. तुमच्याकडे आहे ना सांगण्यासारखं."

"माझं कोण ऐकतं? पन्नास वर्षं मी पहिल्या रांगेत बसून मान हलवली."

"तेच सांगा."

ती बोलली. मधे थांबली, पाणी प्यायली, परत बोलली. त्यातलं सगळं मी इथे लिहिणार नाही, ते रूथचं आहे. एवढंच सांगते की तिने नवऱ्याच्या वतीने माफी मागितली नाही. तो तुला तसं म्हणाला तेव्हा मी त्याच खोलीत होते आणि गप्प बसले, हे माझं चुकलं, असं म्हणाली. भावाने बाबांच्या आवाजाचं काय केलंय ते सांगितलं, आणि आज तासभरापूर्वी मलाही तेच करायचं होतं, हेही सांगितलं. मी एक अक्षर कापलं नाही. तिने स्वतःच्या हाताने फोनवरून पाठवलं.

संध्याकाळी नेथन आला तेव्हा ती व्हरांड्यात खुर्चीत बसली होती. मी आत होते, पण जाळीच्या दारातून सगळं ऐकू येत होतं.

"नेथन, मला तुझ्या बापाकडून एक वाक्य हवं होतं. तुझ्यापेक्षा जास्त हवं होतं. मी ते घेतलं नाही. आता तूही घेऊ नकोस."

"मॉम, टॉड हरला तर..."

"तुला टॉड हवा असेल तर तू म्हण. तुला तोंड आहे."

पुन्हा रविवार

ॲपवरून निरोप गेला नाही. नेथन स्टेजवर आला. पडद्यावर काही नव्हतं, संगीत नव्हतं. तो म्हणाला, "माझे वडील इथून कधी कुणाचं नाव घेत नव्हते. मी आज घेणार आहे. हे त्यांचं मत नाही, माझं आहे. पटलं नाही तर मला सांगा." आणि त्याने टॉडचं नाव घेतलं. आवाज थरथरत होता. मिक्सरवरच्या पोराने तो नीट करायचा प्रयत्न केला नाही, शहाणा निघाला.

निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही उठून गेले. मागच्या आठवड्यात मला चॅनेल विचारणारे आजोबा टोपी घालून निघाले आणि दारात मोठ्याने म्हणाले, "क्लाइडने हे केलं नसतं." नेथन स्टेजवरूनच म्हणाला, "नाही, सर, नसतं केलं."

डॉरिसने टाळ्या वाजवल्या नाहीत आणि ती उठलीही नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला आवडलं नाही." थोड्या वेळाने, "पण बोलला तो स्वतःच."

रोजच्या प्रार्थनेच्या ॲपचं चर्चने अजून ठरवलेलं नाही. जुनी प्रवचनं मात्र, मी केली तशी, ॲपवर टाकली आहेत, आणि ट्रकवाला ती ऐकतो म्हणून नेथनने मला कळवलं. टॉड निवडून आला. मला पुढच्या चर्चेसचं काम काही मिळालं नाही. त्याचं थोडं वाईट वाटलं, पण गोरेगावात मला कामाची ददात नाही.

निघताना

सोमवारी सकाळी मी बॅग भरत होते. डॉरिस फोन घेऊन आली. "रूथचं काहीतरी आलंय. मला शब्द लागत नाहीत, नुसतं घों घों ऐकू येतंय. तू बघ."

हेडफोन लावून ऐकलं. रूथ एवढंच म्हणत होती, "मॉम, ऐकलं मी. दोनदा ऐकलं." बाकी सगळा वारा, मोठ्या ट्रकचा आवाज आणि मध्ये एक बारीक टिकटिक, गाडी वळवताना होते ती.

"काय म्हणते?"

"ऐकलं म्हणते. आणि ती गाडीत आहे, डॉरिस. हायवेवर आहे."

तिने एकदम स्वयंपाकघर गाठलं.

माझं विमान संध्याकाळचं होतं, आणि मला सोडायला नेथनच येणार होता. तो माझी बॅग गाडीत ठेवत असतानाच धुळीने भरलेली एक निळी गाडी अंगणात शिरली. मागच्या काचेवर टॉडच्या विरुद्ध बाजूचे स्टिकर होते, चांगले मोठे. उतरलेली बाई हुबेहूब डॉरिस, फक्त पंचवीस वर्षांनी लहान. डॉरिस व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली आली. रूथने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. डॉरिस तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तोंडाने काही बोलत होती का ते मला एवढ्या लांबून कळलं नाही.

नेथन माझी बॅग हातात धरून तसाच उभा होता. रूथने त्याच्याकडे पाहिलं.

"टॉडचं नाव घेतलंस म्हणे स्टेजवरून."

"घेतलं."

"बाबांच्या आवाजात नाही?"

"नाही. माझ्याच."

"मग बरं झालं," रूथ म्हणाली. "तुझ्याशी भांडता तरी येईल. त्यांच्याशी आता कुठे भांडणार होते मी?"

त्याने तोंड उघडलं, पण डॉरिस मध्ये पडली. दोघांच्या दंडांना धरून ती त्यांना दाराकडे न्यायला लागली, आणि मागे वळून मलाही हात केला.

"आधी आत या सगळे. जेवा. मग काय भांडायचं ते भांडा."